पोन्नप्पांची गाडी आणि माझं वेल्डिंग

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "मेस्त्रीकाका, तुमच्या कामाबद्दल लिहा. सणाचा अंक आहे, चार चांगल्या गोष्टी येऊ देत." मी म्हटलं, बाई, माझं शिक्षण चौथी, तेही कन्नड शाळेत. मराठी घरात बोललो तेवढंच. अक्षरं मला बायकोनं शिकवली, लग्नानंतर, तिच्या भजनाच्या वहीवरून. ती जाऊन येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. ती असती तर हे वाचून चुका काढल्या असत्या. आता तुम्ही काढा. आणि सगळ्या चांगल्याच गोष्टी येतील असं काही नाही.

मी गाड्यांच्या मागच्या एक्सलचं काम केलं. फक्त मागच्या. म्हैसूरच्या चामराजपुरमला रेल्वे लाइनच्या बाजूला पत्र्याची शेड होती, ती माझी. इंजिनवाल्याला मान जास्त. बॉनेट उघडलं की चार माणसं डोकावतात, पाचवा न विचारता सल्ला देतो. गाडीच्या मागच्या पोटाखाली कोणी डोकावत नाही. तिथं मी उताणा पडलेला असायचो, तोंडावर तेल ठिबकत. तिथून जग वेगळं दिसतं. पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाचे गोल ठिपके जमिनीवर पडायचे आणि दिवसभर हळूहळू सरकत जायचे. यमुना, म्हणजे बायको, जेवायला बोलवायला आली की मला तिचे पाय दिसायचे. पायातली जोडवी, साडीचा काठ, काठाला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे. ती बोलायची ते वरून कुठून तरी यायचं, विहिरीच्या काठावरून कोणी बोलावं तसं. अजून डोळा लागला की मी गाडीखाली असतो आणि ते पाय येऊन थांबतात. काही बोलत नाहीत.

असो. काम सांगतो.

इंजिनाची ताकद लांब दांड्यातून मागे येते. मागे एक गोल पोटाचं लोखंडी भांडं असतं, त्याला हाउसिंग म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन शाफ्ट निघतात आणि चाकांना जातात. भांड्यात एक छोटा दातेरी गियर असतो, तो पिनियन. तो एका ताटाएवढ्या दातेरी गियरला फिरवतो, तो क्राउन. त्या क्राउनच्या पोटात आणखी चार लहान गियर असतात. खरी अक्कल त्या चौघांत. त्याला डिफरन्शल म्हणतात.

ते कशाला लागतं, हे मी गिऱ्हाइकांना सांगून थकायचो. एकदा यमुनेनं सांगितलं. ती शिंप्याची मुलगी. तिचं घर विठ्ठलाचं, आमचं घर जुन्या म्हैसूर फौजेतलं. आमच्याकडची तलवार कुणी बघितली नाही, माझ्या हातात तर पान्हाच आला. तिनं गिऱ्हाइकापुढे एक घेरदार परकर जमिनीवर गोल पसरला. म्हणाली, "हे बघा, कमरेला कापड केवढं? वीतभर. खाली काठाला केवढं? दहा हात. गाडी वळते तेव्हा आतलं चाक कमरेवरून जातं, बाहेरचं काठावरून. दोघांना सारखंच कापड दिलं तर काठ फाटेल का नाही?" मला माझं काम त्या दिवशी कळलं म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट शेंदराची. क्राउन आणि पिनियन एकमेकांत नीट बसले का, हे डोळ्यांनी दिसत नाही. मारुतीला लावतात तोच शेंदूर तेलात कालवायचा, क्राउनच्या दातांना फासायचा, फिरवायचं, आणि शेंदूर कुठं पुसला गेला ते बघायचं. डाग दाताच्या बरोबर मध्ये हवा. टोकाला गेला तर गाडी रडते, मुळाशी गेला तर कण्हते. मग बारीक पत्र्याच्या चकत्या घालायच्या, काढायच्या, परत शेंदूर. शेंदूर यमुना कालवायची. माझा नेहमी पातळ व्हायचा.

गाडीत बसून आवाज ऐकण्याचं कामही तिच्याकडे आलं, ते एका हेडमास्तरांमुळे. त्यांची गाडी गुणगुणायची. मी दोनदा एक्सल उघडला, डाग बरोबर मध्ये. ते म्हणायचे, "नाही हो मेस्त्री, तीस मैलांच्या वेगावर गेली की सुरू होतं." शेवटी यमुना म्हणाली, मी बसून बघते. मागच्या सीटवर कान टेकून बसली, कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी मारून आली, आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. मी मागोमाग गेलो.

"काय झालं?"

"अहो, गाडी गप्प आहे. मास्तर गुणगुणतात."

"काय?"

"काटा तीसवर गेला की मास्तरांना गाणं येतं. थांबले की बंद. त्यांना स्वतःला माहीत नाही."

आता एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कसं? तिनं बाहेर येऊन अगदी गंभीरपणे सांगितलं, "मास्तर, उद्या दाढेत लवंग धरून चालवा. तेल नवीन आहे, वास येईल." दुसऱ्या दिवशी मास्तर खूष. आवाज गेला! काय केलंत? मी म्हटलं, चकती बदलली. माझ्या आयुष्यातली एवढी एकच खोटी चकती मी हसून सांगू शकतो.

तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या चाचणीला ती मागे बसायची. मी चालवायचो, ती डोळे मिटून ऐकायची. कारण मागच्या एक्सलचा आवाज ड्रायव्हरला कमी येतो, मागे बसणाऱ्याला जास्त. आणि आमची तेवढीच सहल.

आता पोन्नप्पांचं.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या पुढंमागं एक वर्ष. पोन्नप्पा कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, कॉफीमळेवाले. पन्नाशीचे, मिशी वर वळलेली, बोलणं मऊ. सकाळच्या धुक्यात त्यांची गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा आधी आवाज आला, मग गाडी. दोन दरवाज्यांची परदेशी गाडी, पण बॉनेटखाली तिचं स्वतःचं इंजिन नव्हतं. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या अमेरिकन गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन आत बसवलेलं. दोनशेच्या वर घोडे. शेडचा पत्रा थरथरत होता आणि यमुनेच्या खिडकीतल्या सुया डबीत वाजत होत्या.

"एनु मेस्त्री," ते म्हणाले, "पुढून सिंह, मागून बकरी. मागचं बघा."

मूळचा एक्सल लहान गाडीचा. एवढ्या घोड्यांपुढे तो टिकेल कसा? मागच्या खेपेला सुटतानाच त्याचा एक शाफ्ट दोरीसारखा पिळवटून तुटला होता, तोही चार लोकांसमोर; तसलाच दुसरा घालून ते आले होते. पोन्नप्पांना मद्रासकडच्या एका जुन्या विमानपट्टीवर शर्यतीत उतरायचं होतं. पण शर्यतीची गाडी लॉरीवर घालून नेणाऱ्यांतले ते नव्हते. घरून चालवत न्यायची, पळवायची, चालवत घरी आणायची. आणि एरवी त्याच गाडीतून दोन मुलींना घाट उतरून शाळेत सोडायचं. "दोन गाड्या ठेवायला मी महाराजा नाही."

मी त्यांना तेलाच्या पालथ्या डब्यावर बसवलं आणि तीन वाटा सांगितल्या.

पहिली, एका अपघाती परदेशी गाडीचा सुटा एक्सल. त्यात प्रत्येक मागचं चाक आपल्यापुरतं वरखाली होतं, एक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता नाही. चालायला लोणी. पण वीस सांधे, वीस रबरं. एक गेलं तर म्हैसुरात मिळणार नाही, आणि बसवायला गाडीचं बूड कापावं लागणार.

दुसरी, लिलावातल्या लष्करी गाडीचा अखंड एक्सल. जाड, मुका, न मोडणारा. पण जड. स्प्रिंगच्या खाली जेवढं वजन लटकतं तेवढी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते. चप्पल घालून पळणं आणि चिखलाचे बूट घालून पळणं यात फरक असतो तसा. शिवाय रुंद, दोन्हीकडून कापून आखूड करावा लागणार.

तिसरी, मधल्या वजनाचा एक होता, एका जुन्या पिक-अपचा. तो घ्यायचा आणि त्यात प्लेटांचं डिफरन्शल घालायचं. साध्या डिफरन्शलचा एक दोष आहे. जोर फार झाला की ज्या चाकाला पकड कमी, तेच एकटं गरागरा फिरतं आणि सगळे घोडे धुरात जातात. प्लेटांच्या डिफरन्शलमध्ये लहान लहान चकत्या एकमेकींना दाबून धरतात. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकत्र ओढतात, वळणावर थोडी सैल सोडतात. घट्ट आणि सैल दोन्ही.

"हेच पाहिजे," पोन्नप्पा म्हणाले.

"बेंगळूरच्या जुन्या बाजारात सांगून ठेवावं लागेल. महिना जाईल."

"शर्यत अडीच आठवड्यांवर आहे, मेस्त्री."

"बघतो," मी म्हटलं.

"तुमच्यावर सोडलं. मला त्यातलं कळत नाही. मुली बसतात गाडीत, एवढं लक्षात असू द्या."

मग दातांचा हिशेब झाला. तो सोपा आहे. पिनियनला नऊ आणि क्राउनला सदतीस दात असले तर गाडी झटक्यात सुटते, पण लवकर दमते, इंजिन ओरडत राहतं. अकरा आणि एकोणचाळीस असले तर सुटायला जराशी आळशी, पण लांब सरळ पट्टीवर वाहत जाते. लोक नेहमी झटका मागतात. मी अकरा-एकोणचाळीस ठरवलं, कारण एवढ्या ताकदीच्या इंजिनाला ढकलायची गरज नव्हती, मोकळं सोडायची होती. ते मी बरोबर ठरवलं. अजूनही म्हणतो.

चूक पुढं आहे.

बेंगळूरहून निरोप आला, महिना नाही, दीड महिना. त्याच आठवड्यात बाजारात एक गॅरेजवाला चारचौघांत बोलला, "राव मेस्त्रीला बसगाड्यांचं कळतं. शर्यतीचं काय कळणार?" मला कुणीतरी येऊन सांगितलं. सांगणारे असतातच. मी पिक-अपचा एक्सल घेतला, शाफ्ट जाड बसवले, शेंदूर लावून डाग अगदी मध्ये आणला. आणि मग डिफरन्शलचे ते चार लहान गियर वेल्डिंगनं भरून टाकले. चौघांचा एक गोळा. आता दोन्ही चाकं कायमची एक. एक घसरून फिरायचा प्रश्नच नाही. फुकटात काम, एका दुपारचं.

विमानपट्टीवर सरळ पळायला हे चालतं. रस्त्यावर चालत नाही. वळणावर दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात आणि गाडीला सरळ ढकलत राहतात. मला माहीत होतं. त्या वेळी मी मनाशी म्हटलं, शर्यत झाली की काढू. पोन्नप्पांना फोनवर म्हटलं, "पक्कं केलंय." काय केलं ते सांगितलं नाही. ते विचारणार नव्हते आणि मी बोलणार नव्हतो.

गाडी शेडमधून काढून गल्लीत वळवली तेव्हा टायरांनी दगडावर घासून ओरड केली. यमुना दारात उभी होती. गळ्यात टेप, कानामागं खडू.

"अहो, बाहेरच्या चाकाला कापड पुरत नाहीये."

"तू ब्लाउज बघ."

"अय्यो, मी आपलं ऐकू आलं ते सांगितलं."

"बस मागे. हुणसूर रस्त्याला जाऊन येऊ."

ती बसली. हे मला रोज आठवतं, की ती नेहमीसारखी बसली. पदर खोचला, पाय वर घेतले, कान सीटच्या पाठीला टेकला.

पौषातली सकाळ होती. गावाबाहेर पडल्यावर धुकं इतकं खाली होतं की झाडांचे बुंधे नव्हतेच, नुसते शेंडे तरंगत होते. आता हूटगळ्ळीला घरं, कारखाने, बसगाड्या, मोटारसायकली. तेव्हा दोन्हीकडे रागीची, म्हणजे नाचणीची शेतं, कापणी झालेली. मी गाडी सोडली. तसं पळणं मी पुन्हा कधी अनुभवलं नाही. मागून काही आवाज नाही. दातात दात असा बसला होता की एक्सल आहे हेच विसरावं. ऊन धुक्यात विरघळत होतं आणि आम्ही त्या दुधातून चाललो होतो. आरशात यमुनेचे मिटलेले डोळे. मला वाटलं, हेच माझं सगळ्यात चांगलं काम.

हूटगळ्ळीच्या पुढं एक डावं वळण होतं. आमच्या भागात शेतकरी रागीची कणसं ताटांसकट रस्त्यावर पसरून ठेवतात. बसगाड्या, लॉऱ्या त्यावरून जातात, मळणी फुकटात होते. सगळ्यांना माहीत असतं, सगळे जरा हळू करतात. आमच्या पुढं एक बस होती, ती त्यावरून वळून गेली. मीही हळू केलं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. पुढची चाकं वळली. गाडी वळली नाही.

मागची दोन चाकं, माझ्या वेल्डिंगनं बांधलेली, सरळ ढकलत राहिली. काडांवर पुढची चाकं वळलेलीच घसरत गेली, आणि गाडी रस्ता सोडून अगदी सावकाश, स्वप्नात जावी तशी, बांधावर चढून शेतात आडवी झाली.

मग शांतता. रागीचा भुसा हवेत उडाला होता, उन्हात सोन्यासारखा, खालीच येत नव्हता. मला कुठं लागलं नव्हतं. मी मागे बघितलं. यमुना पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये पडली होती आणि उजव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखी.

शेताची मालकीण निंगम्मा धावत आली. साठीची बाई, एकटीच शेत करणारी. तिनं यमुनेला पाणी पाजलं, स्वतःच्या साडीचा पदर फाडून मनगट बांधलं. आणि सगळा वेळ रडत होती, "माझ्या रागीनं झालं, माझ्या रागीनं झालं." मी ऐकून घेतलं.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. पोन्नप्पा त्या दिवशी म्हैसुरातच मुक्कामाला होते, दुपारी धावत आले. यमुनेसमोर हात जोडून उभे राहिले. मग मला विचारलं, "कशानं, मेस्त्री?"

"रस्त्यावर काड होतं," मी म्हटलं. "रागीचं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "रस्ता काय यांचं खळं आहे? उद्या कोणी मरेल. मी सकाळी पोलिसांत जातो. त्या बाईला एकदा समज मिळालीच पाहिजे. तुम्ही गाडी सरळ करा, मेस्त्री. शर्यत अजून आठ दिवसांवर आहे. मधे मुलींची शाळा आहे."

ते गेले. खोलीत आम्ही दोघं. यमुना छताकडे बघत होती.

"तुम्ही काड म्हणालात," ती म्हणाली.

"होतंच की काड."

"आपल्या पुढं बस होती. त्याच काडावरून ती वळून गेली. मी त्याच वेळी डोळे उघडले होते."

मी उठून खिडकीशी गेलो.

"काय केलंय त्या गाडीत?"

"वेल्डिंग."

"त्यांना सांगितलंय?"

"नाही."

बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. मग ती म्हणाली, "माझा हात राहू दे. हात माझा आहे, त्याचं मी बघीन. पण त्या पोरी माझ्या नाहीत आणि तुमच्याही नाहीत. आणि ती बाई तर कुणाचीच नाही."

मी चिडलो. खोटं कशाला लिहू? म्हटलं, सांगितलं तर माझ्याकडे गाडी कोण आणेल? चाळीस मैलांत नाव आहे माझं.

"मग?" ती म्हणाली. एवढंच. आणि भिंतीकडे वळली. वळताना हात विसरली आणि कळवळली. ते कळवळणं ऐकून मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर जाऊन मी, रात्री शेतातून ओढून आणलेल्या गाडीच्या एक्सलचं तेल काढलं, शाफ्ट ओढले, आणि तो गोळा बाहेर काढून फळीवर ठेवला. पुसला नाही. पोन्नप्पांना पोलिसांकडे जाण्याआधी बोलावून घेतलं.

"हे बघा," मी म्हटलं. "हे चार गियर सुटे पाहिजेत. मी त्यांना वेल्डिंग केलं. त्यामुळं गाडी वळली नाही. काडाचं काही नाही."

त्यांनी तो गोळा हातात घेतला. एका गियरला बोटानं फिरवायचा प्रयत्न केला. फिरला नाही.

"मला न सांगता?"

"होय."

"आमच्या घाटात एकेका वळणाखाली दरी आहे, मेस्त्री."

"माहीत आहे."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बाहेर गेले, रेल्वे लाइनशेजारी पाठ करून उभे राहिले. एक पॅसेंजर आली, गेली. लाइन परत शांत झाली तरी ते तसेच. मग आत आले.

"त्या बाईकडे कोण जाणार?"

दोघंही गेलो. निंगम्मा रस्त्यावरची उरलेली रागी गोळा करत होती, भीतीनं. पोन्नप्पांनी तिला सांगितलं, तुझी चूक नव्हती, गाडीची होती. मी म्हटलं, गाडीची नाही, माझी. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"गाडी वळत नाही हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"तरी बायकोला घालून आणलीस?" आणि पोन्नप्पांकडे वळून, "स्वामी, यानं डोक्यातही वेल्डिंग केलंय का बघून घ्या."

पोन्नप्पा हसले. मी नाही हसलो. पण परत येताना बसमध्ये ते म्हणाले, "बेंगळूरला सांगून ठेवा. प्लेटांचं. शर्यत यंदा नाही." माझ्याकडून गाडी त्यांनी काढून घेतली नाही. का, हे मी कधी विचारलं नाही. बाजारात मात्र बातमी पसरली आणि दोन वर्षं माझ्याकडे फारशा गाड्या आल्या नाहीत. ते बरोबरच होतं.

डिफरन्शल फाल्गुनात आलं. मी ते तीनदा बसवलं आणि तीनदा काढलं. प्लेटा फार घट्ट झाल्या तर परत तेच पाप, सैल झाल्या तर एक चाक मोकाट. कितपत घट्ट, ते पुस्तकात असेल. पण पुस्तकं इंग्रजी, ती मला वाचता येत नव्हती. एक चाक जॅकवर उचलायचं आणि हातानं फिरवून बघायचं. खांद्यानं जोर लावला तर फिरावं, मनगटानं नाही. यमुना खुर्चीत बसून बघायची, हात गळ्यात. शेंदूर तिनं डाव्या हातानं कालवला.

चाचणीला ती येईल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलंही नाही. गाडी काढली तर ती पुढची सीट वाकवून मागे जाऊन बसली.

"लांब जाऊ," ती म्हणाली.

आम्ही हुणसूरच्या पुढं बेट्टदपुरापर्यंत गेलो. त्या रस्त्यावर वळणं आहेत, खड्डे आहेत, सरळ पट्टे आहेत. मी प्रत्येक वळण घेताना आरशात बघत होतो. काही बोलेल, काही ऐकू आलं म्हणेल. तंबाखूची शेतं गेली, बांबूंची बेटं गेली. गाडी वळत होती, ओढत होती, पाण्यासारखी. आणि मग आरशात बघितलं तर तिची मान एका बाजूला कलली होती. ती झोपली होती.

एवढ्या वर्षांत किती गाड्या, किती चाचण्या, ती कधी झोपली नव्हती. मी बेट्टदपुराच्या टेकडीखाली गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. वर टेकडीच्या टोकाला देऊळ धुक्यात असं होतं की जमिनीला चिकटलंय की नाही कळत नव्हतं. खाली एक म्हातारा म्हशी घेऊन गेला. त्यानं आत बघितलं, बोट ओठावर ठेवलं आणि म्हशींनाही न हाकता तसाच गेला. मी दार न उघडता बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. ऊन टेकडीवरून उतरत सीटवर आलं, तिच्या प्लास्टरवर आलं. माझ्या कामाला एवढी मोठी पावती कुणी दिली नाही, आणि मला ती नको होती असंही त्याच वेळी वाटत होतं.

पुढच्या वर्षी पोन्नप्पा शर्यतीत चौथे आले. गाडी स्वतः चालवत नेली, चालवत आणली, येताना आमच्या दारात थांबून यमुनेला फुलं दिली. मुली त्याच गाडीतून शाळा संपेपर्यंत गेल्या.

यमुनेचं मनगट नीट जुळलं नाही. शिवणाच्या मशीनवर कापड सरकवता यायचं, पण कात्री फिरवता येईना. कात्रीला मनगट वळावं लागतं. शिंप्याच्या पोरीची कात्री गेली म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. ती एकदाही मला त्यावरून बोलली नाही आणि मीही तिची माफी मागितली नाही. आमच्या घरात पुरुष माफी मागत नाहीत. हे काही अभिमानानं लिहीत नाही.

मी एक केलं. शेडवरून आलो की रॉकेलनं आणि साबणानं हात घासायचे, कोपरापर्यंत. मग तिनं डाव्या हातानं खडूनं आखलेलं कापड मी कापायचं. पहिली दोन ब्लाउजं मी वाया घालवली. "लोखंड नाही ते," ती म्हणायची, "धरू नका, नुसतं सोबत जा." हळूहळू जमलं. रेशीम जमायला तीन वर्षं लागली. चामराजपुरमच्या किती बायका त्या वेळी मेकॅनिकनं कापलेली ब्लाउजं घालून लग्नांना गेल्या, त्यांना अजून माहीत नाही. आता कळेल. रागावू नका.

ती आजारी पडली तेव्हा शेजारच्या प्रमिलाबाईंचं एक कापड घरात होतं. तिनं अंथरुणात बसून ते आखलं, दोन दिवस लावून. कापून तिला दाखवायचं राहिलं. तेरावं झाल्यावर मी हात घासले आणि कापलं. मग मार्केटजवळच्या एका शिंप्याकडे शिवायला नेलं. त्यानं तुकडे उलगडले, एकावर एक धरून बघितले.

"कुणी बेतलंय?"

"आमच्या घरी."

"फार चांगला हात आहे. मला असं माणूस पाहिजेच आहे. घरून काम देईन. विचारता का?"

"नाही," मी म्हटलं. "बेतणारी गेली. मी नुसता कापणारा."